थांबला तो जिंकला: मिलानचा आंतोनियो मास्पेस

चाकवाला (धागालेखक)

परवा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एका जुन्या स्प्रिंट शर्यतीची क्लिप बघत होतो. शेजारचा डोकावून म्हणाला, "नेट अडकलंय तुझं." नेट व्यवस्थित चालू होतं. पडद्यावरचे दोन सायकलस्वारच हलत नव्हते. वळणाच्या चढावर पुढची चाकं वाकडी करून दोघं जागच्या जागी डुलत उभे, पाय पेडलवर, आणि एक डोळा एकमेकांवर. त्याला म्हटलं, ही सायकलिंगमधली सगळ्यात वेगवान शर्यत आहे. त्याने डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

त्याला सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. तुम्हाला दुसरं टेबल नाही.

ट्रॅकवरच्या स्प्रिंटमध्ये साधारण दोघंच असतात. अंतर तेव्हा हजार मीटर, पण घड्याळ लागायचं फक्त शेवटच्या दोनशे मीटरना. त्याआधी काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. आता गंमत अशी, की जो पुढे असतो तो वारा फोडतो. मागचा त्याच्या आडोशाला फुकटात येतो, दम राखून ठेवतो आणि शेवटच्या वळणावर बाहेरून निघून जातो. शिवाय मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणजे पुढे जाणं हाच तोटा. मग दोघंही पुढे जायला तयार नसतात. "आधी तुम्ही", "नाही नाही, तुम्हीच". असं करत करत वेग कमी होतो आणि शेवटी दोघं थांबतात. पाय टेकला की संपलं, मागे घरंगळलात तरी अडचण. याला तिकडे सुरप्लास म्हणतात. या सायकलींना ब्रेक नसतो आणि चाक मोकळं फिरत नाही. पेडल थांबलं की चाक थांबतं, पेडल मागे रेटलं की चाक मागे जातं. म्हणूनच हे उभं राहणं जमतं.

या उभं राहण्याचा सगळ्यात मोठा उस्ताद म्हणजे आंतोनियो मास्पेस. जन्म १९३२, मिलान. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये विशीतल्या मास्पेसने चेझारे पिनारेल्लोबरोबर टँडेमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर, कांस्य मिळवलं. मग तो व्यावसायिक झाला आणि ऑलिंपिकचं दार त्याला कायमचं बंद झालं. हौशी आणि व्यावसायिक यांच्यात तेव्हा सोवळ्या-ओवळ्याइतकी कडक रेघ होती.

व्यावसायिकांचा दरबार तेव्हा वयस्क सरदारांनी भरलेला होता. इंग्लंडचा रेज हॅरिस चार वेळा जगज्जेता. हॉलंडचा आरी फान व्लीट, ज्याने पहिलं विजेतेपद १९३८ला घेतलं आणि तिसरं १९५३ला. यान डेर्कसेन तर १९३९ला जिंकला, १९४६ला जिंकला आणि पुन्हा १९५७ला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. महायुद्ध मध्ये येऊन गेलं तरी ही माणसं सायकलवरून उतरली नाहीत. यावरून एक लक्षात येतं, की हा खेळ नुसत्या मांड्यांचा असता तर अडतिशीतला माणूस पंचविशीतल्यांना पुरून उरला नसता.

मास्पेस या दरबारात शिरला १९५५ला, तेही घरच्या अंगणात. जागतिक स्पर्धा त्या वर्षी मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या उभ्या वळणांच्या ट्रॅकवर, होती. पुढच्या वर्षी कोपनहेगनला पुन्हा तोच. १९५७ डेर्कसेनचं, १९५८ फ्रान्सच्या मिशेल रूसोचं. हा रूसो मेलबर्न ऑलिंपिकचा स्प्रिंट विजेता, तेव्हा लोकांना वाटलं की मास्पेसचं पर्व आटोपलं. त्यानंतर बघा: १९५९ ॲम्स्टरडॅम, १९६० लाइपझिग, १९६१ झ्युरिक, १९६२ पुन्हा मिलान. ओळीने चार. १९६३ला एका पोराने खंड पाडला, त्याच्याकडे येतोच. १९६४ला पॅरिसमध्ये मास्पेसने जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी सातव्यांदा घातली, बत्तीस वर्षांचा असताना. सात म्हणजे बेल्जियमच्या जेफ शेरेन्सच्या विक्रमाशी बरोबरी. शेरेन्सला लोक मांजर म्हणायचे, कारण शेवटच्या काही मीटरांत तो झेप घ्यायचा. हा आकडा पुढे जपानच्या कोइची नाकानोने दहावर नेला, १९७७ ते १९८६ सलग.

नुसता थांबूनच जिंकायचा असं मात्र समजू नका. १९६०ला विगोरेल्लीवर त्याने धावत्या सुरुवातीचे दोनशे मीटर १०.८ सेकंदांत काढले. ताशी साडेसहासष्टच्या वर. लोखंडी सायकल, कापडी टोपी आणि लोकरीची जर्सी अंगात असताना. इतका वेग हाताशी असलेला माणूस थांबायला तयार असतो, तेव्हा समोरच्याला धडकी भरणारच. त्याच्या थांबण्यामागे कधीही उडी मारण्याची धमकी असायची.

आता तो पोरगा. सांते गायार्दोनी, व्हेरोनाजवळच्या व्हिल्लाफ्रांकाचा, मास्पेसपेक्षा सात वर्षांनी लहान. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकविसाव्या वर्षी त्याने दोन सुवर्णं घेतली. एक स्प्रिंटचं, अंतिम फेरीत बेल्जियमच्या लेओ स्टर्क्सला हरवून. दुसरं उभ्या सुरुवातीच्या किलोमीटरचं, १ मिनिट ७.२७ सेकंद, विश्वविक्रमासह. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही जिंकणारा तो एकटाच. का एकटाच, तर दोन्ही खेळ उलट स्वभावाचे आहेत. किलोमीटरमध्ये समोर कोणी नसतं. जागेवरून सुटायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत ताणायचं. तिथे थांबण्याला जागाच नाही. गायार्दोनीकडे तो रट्टा होता.

तो व्यावसायिक झाला आणि १९६३ला बेल्जियमच्या रोकूरमध्ये अंतिम फेरीत त्याने मास्पेसलाच हरवलं. पुढची काही वर्षं हे दोघं समोरासमोर आले की विगोरेल्ली भरायचं. रस्त्यावर कोप्पी आणि बार्ताली यांनी जशी इटलीची दोन घरं केली होती, तशीच वाटणी ट्रॅकवर यांनी केली.

माझं मत सांगतो आणि शिव्या खायला बसतो: गायार्दोनीकडे ऑलिंपिकची दोन सुवर्णं आहेत, मास्पेसकडे एकही नाही, तरी थोर मास्पेसच. आपण पदकांच्या यादीवरून खेळाडू मोजतो आणि त्या यादीत हा माणूस टँडेमच्या एका कांस्यापुरता दिसतो. हे काही खरं नाही.

---

रात्रपाळी

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी घरी गेल्यावर वाचेन.

---

गोट्या_सातारकर

लेख आवडला, पण शीर्षकावर आक्षेप. आमच्या मास्तरांनी "थांबला तो संपला" हे फळ्यावर लिहून चौथी ते सातवी छळलं आहे. तुम्ही आता उलटं शिकवताय.

बाकी हे वाचताना गणेशोत्सवातली स्लो सायकलिंगची स्पर्धा आठवली. चुन्याच्या रेघा मारलेल्या, जो शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. आमच्या आळीत एक जण होता, अभ्यासात ढ, पण हँडल असं उजवीकडे-डावीकडे हलवत जागेवर उभा राहायचा की परीक्षक खुर्ची मागवायचे. तीन वर्षं स्टीलचा डबा त्यानेच नेला. इटलीत जन्मला असता तर कुठच्या कुठे गेला असता.

---

चाकवाला

@गोट्या_सातारकर, उपमा अगदी नेमकी. एकच फरक. आपल्या साध्या सायकलवर पेडल उलटं मारलं तर काही होत नाही, त्यामुळे मागे येता येत नाही. म्हणजे तुमच्या आळीतला गडी जास्त कठीण काम करत होता. ट्रॅकची सायकल पुढे-मागे डुलवता येते. पुढचं चाक चढाच्या दिशेला वळवायचं, थोडं पुढे रेटायचं, थोडं मागे सोडायचं. चढ तुमचा ब्रेक होतो.

---

पेडलपंत

कॉलेजात असताना बालेवाडीच्या वेलोड्रोमवर दोन वर्षं सराव केला आहे, म्हणून थोडी भर.

लेखात एक महत्त्वाची गोष्ट निसटली. उभं राहायची जागा कुठली, यावर अर्धी शर्यत ठरते. ट्रॅकवर जितके वर, तितकी उंची तुमच्या खिशात. वरून खाली सुटलात की फुकटचा वेग मिळतो. म्हणून मागचा वर राहतो आणि पुढच्याला खाली, आतल्या बाजूला दाबून ठेवतो. पुढचाही काही कमी नसतो, तोही तिरका चढत जातो आणि मागच्याला कठड्यापर्यंत नेऊन भिडवतो. बघणाऱ्याला वाटतं दोघं रमतगमत चाललेत. आत बसलेल्याचं मात्र समोरच्याच्या खांद्यावर लक्ष असतं. खांदा खाली गेला, की पुढच्या क्षणाला उडी येणार. इटालियन लोक त्या उडीला स्कात्तो म्हणतात. आमचे सर म्हणायचे, "पाय बघू नका, पाय खोटं बोलतात. खांदा बघा."

पहिल्या दिवशी मी सवयीने पेडल मारायचं थांबवलं होतं. फिक्स्ड चाकाने मला असं उचलून फेकलं की डाव्या कोपरावर अजून खूण आहे. नव्याने बसणाऱ्या प्रत्येकाची ही मुंज होतेच.

---

स्पष्टवक्ता

माफ करा, पण ज्या खेळात न खेळणारा जिंकतो त्याला मी खेळ म्हणणार नाही. तिकीट काढून दोन माणसं उभी असलेली बघायची? आमच्या चौकात सिग्नलला रोज दोनशे दिसतात.

---

चाकवाला

@स्पष्टवक्ता, तुमच्यासारखेच लोक संघटनेत बसले होते, म्हणून नियम आले. आता एका शर्यतीत दोनदाच थांबता येतं आणि एका वेळी जास्तीत जास्त तीस सेकंद. मग पंच पुढच्याला चालू लागायला लावतात.

पण नियम यायच्या आधी काय झालं ते ऐका. १९६४चं टोकियो ऑलिंपिक, हाचिओजीचा ट्रॅक, स्प्रिंटची उपांत्य फेरी. इटलीचा जोवान्नी पेत्तेनेल्ला आणि फ्रान्सचा पियेर त्रांतां. दोघं २१ मिनिटं ५७ सेकंद उभे राहिले. पेत्तेनेल्ला जिंकला आणि अंतिम फेरीत आपल्याच देशाच्या सेर्जो बियांकेत्तोला हरवून सुवर्ण घेऊन गेला.

मग १९६८, वारेझे, इटलीची राष्ट्रीय स्पर्धा. तोच पेत्तेनेल्ला आणि तोच बियांकेत्तो. किती वेळ उभे राहिले असतील? अंदाज करा. उत्तर उद्या देतो.

---

अनुजा_म

उद्या कशाला, सगळ्यांकडे नेट आहे. १ तास ५ मिनिटं!! शेवटी बियांकेत्तो कोसळला म्हणे. बाप रे. मी मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगला तेवढा वेळ उभी राहू शकत नाही, तेही दोन पायांवर.

---

चाकवाला

अनुजाताई, तुम्ही माझ्या मालिकेचा शेवटचा भाग आधीच सांगितलात.

---

जुना_पेपरवाला

वय झालं आहे, चुकलं तर समजून घ्या. रोम १९६० म्हटलं की आमच्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात, दोन्ही दुखऱ्या. मिल्खा चौथा आला आणि हॉकीत पाकिस्तानकडून एका गोलने हरलो. मी तेव्हा सहावीत होतो, वडील पेपर मोठ्याने वाचायचे. त्याच ऑलिंपिकमध्ये सायकलवाल्या इटालियनांनी काय लूट केली होती हे मला आज, या धाग्यावर कळतंय.

सायकलचे एकूण सहा प्रकार होते असं वाचलं. त्यातले किती इटलीने नेले?

---

चाकवाला

काका, पाच. गायार्दोनीची दोन, टँडेममध्ये बेगेत्तो-बियांकेत्तो, चौघांची पाठलाग शर्यत (दोन संघ ट्रॅकच्या दोन बाजूंनी सुटतात ती) आणि रस्त्यावरची शंभर किलोमीटरची सांघिक. सहावं, रस्त्यावरच्या वैयक्तिक शर्यतीचं, सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर कापितोनोव्हने नेलं. तिथेही दुसरा इटलीचा लिव्हियो त्रापे होता. कापितोनोव्ह तर चुकून एक फेरी आधीच शर्यत संपली समजून जीव तोडून पळाला होता. तरी पुन्हा पळाला आणि पुन्हा जिंकला.

स्प्रिंटमध्ये कांस्यही इटलीचंच, व्हालेन्तीनो गास्पारेल्ला. हा गडी त्याआधी १९५६च्या मेलबर्नला सांघिक पाठलागात सुवर्ण घेऊन बसला होता. म्हणजे दमाच्या खेळातून उडीच्या खेळात आलेला.

एक काळा दिवसही त्यातच आहे. शंभर किलोमीटरच्या सांघिक शर्यतीत, भर उन्हात, डेन्मार्कचा क्नूड एनेमार्क येन्सन सायकलवरून पडला आणि गेला. गायार्दोनीने किलोमीटरचं सुवर्ण जिंकलं तो दिवस हाच, २६ ऑगस्ट.

---

मिलानकर

मी सहा वर्षं मिलानला आहे, नोकरीनिमित्त. विगोरेल्लीवर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आता सिटीलाइफचे ते तीन काचेचे मनोरे उभे आहेत ना, त्यांच्या जवळच हे जुनं मैदान आहे. बाहेरून साधं, एखाद्या जुन्या बाजारसमितीच्या इमारतीसारखं. आत लाकडी पट्ट्यांचा ट्रॅक, एक फेरी चारशे मीटरला दोन-अडीच मीटर कमी, आणि वळणं इतकी उभी की खालून बघताना भिंतच वाटते. १९३५चं बांधकाम. इथले लोक त्याला जादूचा ट्रॅक म्हणायचे, कारण तासाचा विक्रम मोडायचा तर इथेच यायचं. १९४२ला युद्ध चालू असताना फाउस्तो कोप्पी इथे तासाला ४५ किलोमीटर ७९८ मीटर गेला. मग १९५६ला आंकतील, त्याच वर्षी बाल्दिनी, नंतर रिव्हिएर दोनदा.

सायकलवाले नसतानाही ते भरायचं. २४ जून १९६५ला बीटल्स इथे वाजवून गेले. १९८५च्या प्रचंड बर्फात छताचा भाग कोसळला आणि त्यानंतरची बरीच वर्षं रडतखडत गेली. मधल्या मैदानात अमेरिकन फुटबॉल चालायचा. ट्रॅक काढून टाकायचा घाट घातला गेला तेव्हा शहरातले सायकलवेडे उभे राहिले आणि वास्तू वारसा म्हणून वाचली.

मुद्द्याचं म्हणजे, मास्पेस २००० साली गेला आणि मग मैदानाचं नाव मास्पेस-विगोरेल्ली झालं. चाकवाला म्हणतात की पदकांच्या यादीत तो दिसत नाही. बरोबर आहे, पण मिलानने कोणाचं नाव दाराला लावलं तेही बघा. आणि ज्याचं नाव आधीपासून होतं तो जुझेप्पे विगोरेल्ली स्वतः तरुणपणी ट्रॅकवरचा सायकलपटू, नंतर उद्योजक आणि नगरसेवक. नगरसेवकाने स्वतःच्या आवडीचं काही बांधलं आणि ते नव्वद वर्षं टिकलं, यावर मी जास्त बोलत नाही.

---

गोट्या_सातारकर

शेवटच्या वाक्याला +१००. आमच्याकडे स्वागताची कमान बांधतात.

---

चाकवाला

@मिलानकर, सुंदर प्रतिसाद. याच्या उलट रोमचं बघा. ज्या ऑलिंपिक वेलोड्रोमवर गायार्दोनीने दोन सुवर्णं जिंकली, एउर भागातला, तो आता नाही. वर्षानुवर्षं बंद पडून होता आणि २००८ला सुरुंग लावून पाडला. गायार्दोनी तेव्हा हयात होता, २०२३च्या नोव्हेंबरमध्ये गेला, ८४ वर्षांचा होऊन. स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस जिथे घडला ती जागा धुळीत जाताना बघायला मिळणं... जाऊ दे.

---

बारीक_चष्मा

दोन प्रश्न आणि एक आक्षेप.

पहिला प्रश्न: मास्पेसबरोबर कांस्य जिंकलेला पिनारेल्लो म्हणजे त्या महागड्या सायकलींचा मालक का? दुसरा: बेगेत्तोचं पुढे काय झालं?

आक्षेप: मास्पेस थोर असेल, पण १९५०-६०च्या दशकात व्यावसायिक स्प्रिंट खेळणारे होतेच किती? युरोपातले चार-पाच देश. हौशी गटात जास्त देश, जास्त स्पर्धक. मग सात जर्सींचं वजन किती धरायचं? उगाच देव्हाऱ्यात बसवू नये.

---

चाकवाला

नाही, सायकलींचा मालक तो जोवान्नी पिनारेल्लो. नाव एक, माणूस वेगळा. त्याची गोष्टही भारी आहे. १९५१च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीभर रस्त्यावरून चालणाऱ्या मोठ्या शर्यतीत, तो शेवटचा आला, शेवटच्याची काळी जर्सी मिळाली. पुढच्या वर्षी संघाने त्याला पैसे देऊन जागा सोडायला लावली आणि त्या पैशांतून त्याने त्रेव्हीझोला दुकान टाकलं.

बेगेत्तोने १९६५, १९६६ आणि १९६८ अशी तीन व्यावसायिक विजेतेपदं घेतली. म्हणजे मास्पेसची गादी थेट घरातच राहिली. मधलं १९६७ बेल्जियमच्या पात्रिक सेर्कूचं. बेगेत्तो, बियांकेत्तो आणि पाठलागाचा सम्राट लेआंद्रो फाज्जिन, तिघंही पादोव्हाच्या परिसरातले. कोल्हापूरला जशा तालमी, तसा तिकडे सायकलचा ट्रॅक असावा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून ग्विदो कोस्ता.

आक्षेपाबद्दल: निम्मा मान्य. देश कमी होते, खरं आहे. पण हौशी गटातला जो जो पहिला यायचा तो दोन-चार वर्षांत व्यावसायिक होऊन मास्पेससमोरच उभा राहायचा. रूसो तसाच आला, गायार्दोनी तसाच आला. ऑलिंपिक विजेते त्याच्या दारातूनच जायचे. त्यामुळे स्पर्धा लहान असली तरी गाळलेली होती.

बेगेत्तोनंतर मात्र इटलीत जगज्जेता स्प्रिंटर झालाच नाही. कोरडं पडलं ते पडलंच.

---

बारीक_चष्मा

चूक. १९८९, लियों, क्लाउदियो गोलिनेल्ली, व्यावसायिक स्प्रिंट. कायरीनही (मोटरसायकलमागून सुरू होणारी घोळक्याची स्प्रिंट) तो जिंकला आहे. धागा काढण्याआधी निदान तपासत जा.

---

चाकवाला

कान पकडतो. गोलिनेल्ली डोक्यातून पूर्ण निसटला होता. "कोरडं पडलं" मागे घेतो, "झरा आटला" ठेवतो.

---

अनुजा_म

या धाग्यावर आत्तापर्यंत एकही बाई नाही. कोणाच्या लक्षात आलं का? म्हणून मीच शोधलं.

आंतोनेल्ला बेल्लुत्ती. १९९६ अटलांटा, पाठलाग शर्यतीचं सुवर्ण. २००० सिडनी, गुणांच्या शर्यतीचं सुवर्ण. दोन्ही स्वभावाने वेगळे खेळ. पहिल्यात एकटीने घड्याळाशी झगडायचं, दुसऱ्यात घोळक्यात राहून ठराविक फेऱ्यांना उड्या मारून गुण गोळा करायचे. एवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून २००२ला सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकला बॉबस्लेमध्ये बसून बर्फावरून खाली आली!

आणि चाकवाला, गायार्दोनीला "दोन उलट स्वभावाचे खेळ" म्हणून इतकं डोक्यावर घेतलंत ना? मग हिलाही घ्या. बाईंना ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट खेळायला मिळाली तीच मुळी १९८८ला. मास्पेसच्या काळात मुलींसाठी जागतिक स्पर्धा तेवढी होती, ती १९५८पासून. थांबण्याची कला दाखवायला आधी मैदानात घ्यावं लागतं.

---

चाकवाला

घेतलं डोक्यावर. बॉबस्लेचं माहीत नव्हतं.

---

रात्रपाळी

वाचून झालं. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

मला वाटतं तुम्ही लोक एक गोष्ट सोडताय. आत्ताच्या स्प्रिंटर्सचं काय? पॅरिस २०२४ला हॉलंडच्या हॅरी लाव्हरेसनने दोनशे मीटर ९.०८८ला काढले. म्हणजे ताशी ७९. मास्पेसच्या १०.८ला दीड-पावणेदोन सेकंद मागे टाकलं, ट्रॅकवर हे अंतर म्हणजे तो अजून वळणावर असताना हा घरी. थांबायचा नियम बदलला म्हणून खेळ बदलला असं नसून खेळच बदलला म्हणून थांबणं संपलं असावं. गिअर इतके जड झालेत की उभ्यावरून एकदम उडी मारताच येणार नाही. लांबून वेग चढवत आणावा लागतो.

---

पेडलपंत

@रात्रपाळी, हे अगदी बरोबर. जुन्या काळी गिअर हलका, पाय भराभर फिरायचे, त्यामुळे शून्यातून उडी शक्य होती. आता जड गिअर, बंद छताखालचा अडीचशे मीटरचा ट्रॅक, चकतीसारखी चाकं. पात्रता फेरीतच कोण किती पाण्यात ते कळतं. मास्पेसला आजच्या सायकलवर बसवलं तर तोही वेगळाच खेळेल. लाव्हरेसनला १९५९च्या ॲम्स्टरडॅममध्ये नेलं तर... मला बघायला आवडेल. पाच मिनिटं उभं राहावं लागलं की काय करतो.

आपल्याकडचं सांगायचं तर रोनाल्डो सिंगने २०२२ला दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचं रौप्य घेतलं. त्याआधी २०१९ला तो, एसो आणि रोजित हे ज्युनिअर जगज्जेते झाले होते सांघिक स्प्रिंटमध्ये. बातमी चार ओळींची आली होती, तीही आतल्या पानावर.

---

मिलानकर

इटलीचं सध्या सगळं पाठलागाकडे गेलं आहे. फिलिप्पो गान्ना आणि मंडळी. टोकियोला, म्हणजे २०२१ला, चौघांनी ३ मिनिटं ४२.०३२ सेकंदांचा विश्वविक्रम करून डेन्मार्कला हरवलं, फरक सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा. आणि २०२२ला स्वित्झर्लंडच्या ग्रेंखेनमध्ये गान्ना तासाला ५६ किलोमीटर ७९२ मीटर गेला. सायकल पिनारेल्लोच, वरच्या गोष्टीतल्या शेवटून पहिल्याच्या दुकानाची. कोप्पीपेक्षा अकरा किलोमीटर जास्त.

पण हे सगळे सरळ झगडे आहेत, माणूस आणि घड्याळ. बारमध्ये म्हातारे लोक गान्नाबद्दल अभिमानाने बोलतात. मास्पेस-गायार्दोनीबद्दल बोलताना मात्र हसतात. कोणी कोणाला कसं फसवलं हेच सांगत बसतात.

---

स्पष्टवक्ता

बरं, माझा प्रतिसाद थोडा घाईचा होता. टोकियोची क्लिप बघितली. दीड मिनिट बघून बंद करणार होतो. बारा मिनिटं झाली तरी बघतोय, बायको विचारते काय चाललंय, मी म्हणतो काहीच चाललं नाहीये म्हणून तर बघतोय.

तरी गायार्दोनीच मोठा. विश्वविक्रम हा विश्वविक्रम. त्यात कोणाची नजर चुकवून काही मिळत नाही.

---

जुना_पेपरवाला

मास्पेसला माझं मत. अडतिशीतल्या डेर्कसेनलाही एक द्या जमलं तर. आमच्या वयाच्या माणसांना असे लोक लागतात.

---

गोट्या_सातारकर

मंडळी, आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोराची सायकल घेऊन प्रयत्न केला. उताराला पुढचं चाक वाकडं केलं, ब्रेक दाबला नाही (शपथ), पाय समांतर, नजर समोरच्या पाण्याच्या टाकीवर. वॉचमनने वेळ लावली.

११ सेकंद. नंतर देशमुख काकूंच्या तुळशीची कुंडी.

---

चाकवाला

कुंडीचं वाईट वाटलं. पण पहिल्याच दिवशी ११ म्हणजे चांगले आहेत. आता फक्त १ तास ४ मिनिटं ४९ सेकंद राहिले.

---

पेडलपंत

टाकीवर कशाला बघत होतात? काकूंच्या खांद्याकडे बघायचं.